गेम पुन्हा पुन्हा बंद का पडतो? दोष शोधण्याची एक रीत



आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर न्याय आणि वेदान्त शिकवलात, आणि आता कॉम्प्युटर गेम?" आम्ही म्हटलं, न्यायच सांगणार आहोत, दृष्टान्त तेवढा बदललाय. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. मुलं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि विसरायची. बंद पडणारा गेम मात्र घरोघरी आहे. तिथे अनुमान चुकलं तर त्याची किंमतही मोजावी लागते. आमच्या घरी ती मोजायची वेळ आलीच होती, म्हणून ही हकीकत.

आधी गावाचा खुलासा करतो, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे. आम्ही मालेगावचे. पण मालेगाव म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागाचं मालेगाव येतं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या तालुक्याचं. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, त्याआधी आम्ही "अकोला जिल्ह्यातलं मालेगाव" असं सांगायचो. नाव एक आणि गावं दोन. पत्रावर जिल्हा लिहिला नाही तर पत्र भलतीकडे जाणार. दोषांचंही असंच होतं.

घरातला निवाडा

गेल्या मे महिन्यात नातवाची बारावी संपली होती. घरात एकच कॉम्प्युटर. सकाळी आम्ही त्यावर बसतो, दुपारनंतर तो. त्याचा आवडता गेम एकाएकी बंद पडू लागला. वीस-पंचवीस मिनिटं चालायचा, मग पडदा क्षणभर गोठायचा आणि गेम नाहीसा. समोर डेस्कटॉप. कधी काही संदेश नाही, कधी "व्हिडिओ मेमरी पुरेशी नाही" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश.

घरात प्रत्येकाने आपापला निवाडा दिला. नातवाचे वडील म्हणाले, "मी तं आधीच म्हणत होतो, या गेमनं मशीन खराब होते." दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "कार्ड गेलं सर, नवं टाका लागते." नव्या ग्राफिक्स कार्डाची किंमत ऐकून घरात शांतता पसरली. आम्हीही मागे राहिलो नाही. आठवडाभर आधीच त्या गेमचं नवं अपडेट त्याने उतरवलं होतं, ते आम्ही पाहिलं होतं. आम्ही त्याला सरळ म्हणालो, "तूच काहीतरी भलतंसलतं डाऊनलोड केलंस." गेम काढून टाक, असंही सांगून मोकळे झालो. पोरगं एवढंच बोललं, "आबा, मी काहीच नाही केलं."

त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात एखाद्या मुलाने असं अनुमान मांडलं असतं, तर आम्ही त्याला उभं केलं असतं. अपडेट आधी आलं, बिघाड नंतर आला, म्हणून अपडेटमुळे बिघाड झाला! आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि आम्ही कावळ्याला धरलं. सकाळी नातवाला बोलावलं आणि म्हटलं, "चल, आपण दोघं मिळून बघू. मशीनचं तुला कळतं, पुरावा कशाला म्हणायचं ते आम्हाला थोडंफार कळतं." पुढे आम्ही जे केलं ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: तक्रारीचं लक्षण

न्यायशास्त्रात कुठल्याही गोष्टीची चर्चा तिच्या लक्षणापासून सुरू होते, आणि लक्षणाचे तीन दोष सांगितलेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. "गेम बंद पडतो" हे लक्षण अतिव्याप्त आहे. एकाच वाक्यात निदान चार वेगळ्या घटना मावतात.

पहिली: गेम बंद होतो, पण कॉम्प्युटर चालू राहतो, डेस्कटॉप दिसतो. दुसरी: चित्र गोठतं, आवाज चालू राहतो किंवा अडकतो, आणि गेम तसाच लटकून राहतो. तिसरी: निळा पडदा येतो, त्यावर काही मजकूर येतो आणि मशीन पुन्हा सुरू होतं. चौथी: काहीही न सांगता सगळं मशीन धाडकन बंद होतं किंवा नव्याने सुरू होतं.

या चौघींच्या वाटा वेगळ्या आहेत. चौथी घडत असेल तर पहिला संशय वीजपुरवठ्यावर, म्हणजे डब्यातल्या पॉवर सप्लायवर किंवा घरातल्या व्होल्टेजवर, किंवा अतिउष्णतेवर घ्यावा. तिसरीत बहुधा ड्रायव्हर किंवा हार्डवेअर असतं. दुसरीत कधी गेमचं स्वतःचं गणित अडकलेलं असतं, कधी ग्राफिक्स कार्डाने वेळेत उत्तर दिलेलं नसतं. विंडोज व्हिस्टापासून एक व्यवस्था आहे: कार्डाने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर स्वतःच नव्याने सुरू करतं. पडदा काळा होऊन परत येतो तो यामुळे. आणि पहिल्या प्रकारात संशयित पुष्कळ असतात: गेमच्या खराब झालेल्या फाइली, ड्रायव्हर, मेमरी, मागे चालू असलेले दुसरे प्रोग्रॅम.

आमची तक्रार पहिल्या प्रकारातली होती. मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं. एवढं नीट म्हटल्याबरोबर एक संशयित बराच मागे सरकला. दुपारी गावातले सगळे कूलर चालू होतात तेव्हा आमच्याकडे व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो. पण व्होल्टेजमुळे मशीन बसलं असतं तर ते सगळंच बसलं असतं, एकटा गेम वेचून बंद पडला नसता.

दुसरी पायरी: वही

हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क-२ या गणनयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. कामावरच्या लोकांनी तो वहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि शेजारी नोंद केली. कॉम्प्युटरच्या दोषाला "बग" म्हणतात ते यावरून, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण यंत्रातल्या दोषाला "बग" म्हणायची रीत त्याआधीचीच आहे, एडिसनच्या काळातही ती होती. आम्हाला त्या पतंगापेक्षा वही जास्त महत्त्वाची वाटते. ती वही आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

आम्हीही एक दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख आणि वेळ. किती मिनिटांनी बंद पडला. गेममध्ये त्या वेळी काय चाललं होतं. मशीनवर आणखी काय चालू होतं. संदेश आला असेल तर शब्दशः. आणि शेवटी "इतर". आमची एकच अट होती: बंद पडला नाही तरी नोंद करायचीच. लोक बिघाडाच्या नोंदी ठेवतात, सुरळीत चाललेल्या दिवसांच्या ठेवत नाहीत. मग तुलना कशाशी करणार?

नऊ दिवसांत पंधरा नोंदी झाल्या. दुपारच्या नऊ, रात्रीच्या सहा. रात्री गेम एकदाही बंद पडला नाही. दुपारी नवांपैकी आठ वेळा पडला.

तिसरी पायरी: अन्वय, व्यतिरेक आणि उपाधी

पहिले चार दिवस झाले तेव्हाच नातू म्हणाला, "आबा, उष्णताच आहे." वऱ्हाडातला मे महिना, भर दुपार, मशीन तापणारच. अनुमान चांगलं होतं. प्रोसेसर किंवा कार्ड फार तापलं की ते आधी आपला वेग कमी करतं, आणि तरी भागलं नाही तर बंद पडू शकतं. पंख्यात धूळ अडकली, प्रोसेसरवरचा लेप वाळला, तर हे लवकर होतं. मळणीच्या दिवसांत आमच्याकडे सोयाबीनचा भुसा कुठे कुठे जाऊन बसतो, ते इकडच्या लोकांना सांगायला नको.

पण इथे आपल्या नैयायिकांचा एक इशारा आठवला. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. मग जिथे अग्नी तिथे धूर, हे का चूक? कारण लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं इंधन लागतं. हे ओलं इंधन म्हणजे उपाधी. आपण अग्नी आणि धूर यांचा संबंध जोडत असतो, आणि खरं काम मध्ये लपलेली तिसरी गोष्ट करत असते. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या "तर्कसंग्रहा"त हे अगदी थोडक्यात सांगितलंय.

तेव्हा प्रश्न असा पडला: "दुपार" आणि "गेम बंद पडणं" यांच्यामध्ये उपाधी कोणती? दुपार म्हणजे उष्णता. दुपार म्हणजे कमी व्होल्टेज. दुपार म्हणजे आणखी काही, जे आम्हाला अजून दिसलेलं नाही. एकत्र येणाऱ्या गोष्टी सुट्या करून पाहिल्याशिवाय यातलं काही ठरत नाही. एक असताना कार्य घडतं, हा अन्वय. ती नसताना घडत नाही, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात अन्वेषणाच्या पद्धती मांडल्या, त्यांत या दोन्हींची भावंडं आहेत.

पाचव्या दिवशी मशीनच्या डब्याची बाजू उघडली, टेबलफॅन लावला, बाकी सगळं तसंच ठेवलं. तापमान दाखवणाऱ्या मोफत प्रोग्रॅमवर कार्डाचा आकडा दहाएक अंशांनी उतरलेला दिसला. गेम चोविसाव्या मिनिटाला बंद पडला. उष्णता कमी झाली, कार्य तसंच राहिलं. म्हणजे आमच्या प्रकरणात उष्णता निर्दोष. "आमच्या प्रकरणात" हे शब्द ध्यानात ठेवा. तुमच्याकडे तीच दोषी असू शकते.

चौथी पायरी: यंत्राची साक्ष

विंडोज स्वतः रोजनामचा ठेवतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. स्टार्टच्या शोधपट्टीत "इव्हेंट व्ह्यूअर" किंवा "रिलायबिलिटी" असं इंग्रजीत टाइप केलं की तो उघडतो. रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये तारखांचा तक्ता असतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल खूण. त्यावर टिचकी मारली की तपशील: कोणता प्रोग्रॅम कोसळला, कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या संकेतांकाने.

आमच्या नोंदीत दोष ज्या फाइलमध्ये घडला ती ग्राफिक्स ड्रायव्हरची होती. संकेतांकाचा अर्थ "अ‍ॅक्सेस व्हायोलेशन", म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीतल्या ज्या जागेवर आपला हक्क नाही तिथे हात घालायचा प्रयत्न केला. दुरुस्तीवाल्याने हीच ओळ पाहून कार्ड गेलं असं म्हटलं होतं. त्याचं अगदीच चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. पण साक्षीदाराने "प्रेत इथे पाहिलं" म्हटलं, म्हणजे खून तिथेच झाला आणि त्या घरमालकानेच केला, असं सिद्ध होत नाही.

याचं जगाने पाहिलेलं मोठं उदाहरण आहे. २०२३ च्या अखेरीपासून २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्या खेळाडूंचे गेम बंद पडू लागले. अनरियल इंजिनवर बनलेल्या गेममध्ये अनेकदा संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. साहजिकच लोक कार्डाच्या मागे लागले. ज्यांच्या कार्डावर भरपूर मेमरी होती, त्यांनाही तोच संदेश. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरमध्ये होता. गेमची दाबून ठेवलेली माहिती उलगडण्याचं अवघड काम प्रोसेसर करतो, ते करताना तो चुकत होता, आणि चुकीचा परिणाम पुढे व्हिडिओ मेमरीच्या तक्रारीच्या रूपात बाहेर पडत होता. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर आपल्या सूक्ष्म आज्ञावलीतल्या चुकीमुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टपासून सुधारित आज्ञावली मदरबोर्डाच्या बायोस अपडेटमधून येऊ लागली, आणि कंपनीने त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जे प्रोसेसर आधीच बिघडले होते ते मात्र नव्या आज्ञावलीने दुरुस्त होणारे नव्हते, ते बदलूनच घ्यावे लागणार होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. त्या काळात कितीजणांनी चांगली कार्डं बदलली असतील!

तेव्हा एक ओळ वाचून थांबू नका. तिच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत काय नोंदलं गेलंय ते पाहा. आणि इथे एक खुबी आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अनेक वह्या असतात. प्रोग्रॅम कोसळल्याची नोंद "अ‍ॅप्लिकेशन" या वहीत, तर यंत्रणेच्या नोंदी "सिस्टिम" या वहीत. शेताचा तंटा असला की नुसता सातबारा पाहून भागत नाही, फेरफारही काढावा लागतो, तसंच हे. आम्ही दुसरी वही उघडली. गेम कोसळायच्या दोन-तीन मिनिटं आधी दर वेळी एक पिवळी सूचना होती: आभासी मेमरी कमी पडत आहे. आणि त्याखाली सर्वाधिक मेमरी खाणाऱ्या तीन प्रोग्रॅमांची नावं. पहिलं नाव गेमचं. उरलेली दोन गेमची नव्हती.

आमच्या घरी काय सापडलं

आता वहीतली ती नववी दुपार, जेव्हा गेम दोन तास विनाअडथळा चालला. सहाव्या दिवसाची नोंद. ऊन तेवढंच, कूलर चालू, अपडेट तेच, कार्ड तेच. "इतर" या रकान्यात नातवाने लिहिलं होतं: "आबा सकाळी बँकेच्या कामाला वाशिमला."

मग आम्ही शेजारचा रकाना पाहिला, मशीनवर आणखी काय चालू होतं तो. बाकीच्या आठही दुपारी तिथे एकच गोष्ट होती: "आबांचं काम." रात्रीच्या नोंदींत तो रकाना कोरा, कारण संध्याकाळी मशीन बंद होतं आणि रात्री नव्याने सुरू होतं.

आबांचं काम म्हणजे काय? सकाळी आम्ही ब्राउझरमध्ये जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती उघडतो, एकेका खिडकीत तीस-तीस पानं. शिवाय याच व्याख्यानांचं चित्रण कापण्या-जोडण्याचा प्रोग्रॅम. आमचं काम झालं की आम्ही उठतो, बंद काही करत नाही. दुपारी नातू येतो, आणि आबांचं काम मोडू नये म्हणून आमच्या सगळ्या खिडक्या जपून खाली ठेवून वर आपला गेम लावतो. मेमरी कुणी खाल्ली? त्या पिवळ्या सूचनेतली दोन नावं या दोन प्रोग्रॅमांची होती.

पण याने निम्मंच कोडं सुटतं. आम्ही तर वर्षभर असंच करतोय, मग बिघाड मे महिन्यातच का? यासाठी मेमरीची व्यवस्था समजून घ्यावी लागेल. घराच्या ओट्यावर पोती ठेवायची जागा थोडी, म्हणून मागे एक कोठा असतो. ओटा म्हणजे रॅम. आमच्या मशीनमध्ये ती ८ जीबी. कोठा म्हणजे डिस्कवरची एक राखीव फाइल, तिला पेज फाइल म्हणतात. प्रोग्रॅमांना जागेचा शब्द देताना विंडोज ओटा आणि कोठा या दोन्हींची बेरीज धरतं. गरज वाढली तर कोठाही वाढवतं, पण त्यासाठी डिस्कवर मोकळी जागा हवी. ती नसली तर कोठा वाढत नाही. मग पुढचा जो कोणी जागा मागेल त्याला नकार मिळतो, आणि नकार पचवायची तयारी नसलेला प्रोग्रॅम कोसळतो. गेम नवनवे भाग उघडत जातो तशी त्याची मागणी वाढते, म्हणून तो पहिल्या मिनिटाला न पडता विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला पडायचा. आणि मागणी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मार्फत गेली होती, म्हणून नाव ड्रायव्हरचं आलं.

सी ड्राइव्ह उघडून पाहिला. मोकळी जागा २ जीबीसुद्धा नव्हती. भरला कशाने? एप्रिलपासून आम्ही जुन्या व्याख्यानांची चित्रणं मोबाइलमधून कॉम्प्युटरवर उतरवत होतो. एकेक चित्रण दीड-दोन जीबीचं. सगळी सी ड्राइव्हवर.

म्हणजे कारणं दोन, आणि दोन्ही आमची. शास्त्रात सहकारी कारण म्हणतात तसं. नुसत्या उघड्या खिडक्यांनी गेम पडला नसता, नुसत्या भरलेल्या डिस्कनेही पडला नसता. दोन्ही जुळल्यावरच पडत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, हे आम्ही ऐकून होतो. इथे तर चोरच न्यायासनावर बसला होता.

शोध लागला तरी पडताळा राहतोच. पहिल्या दुपारी डिस्क तशीच भरलेली ठेवून आमच्या खिडक्या बंद केल्या: गेम दोन तास चालला. दुसऱ्या दुपारी मुद्दाम खिडक्या पुन्हा उघड्या ठेवल्या: सव्विसाव्या मिनिटाला बंद. तिसऱ्या दुपारी चित्रणं बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवली, आणि खिडक्या उघड्याच ठेवल्या: गेम चालला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर "कमिटेड" असा आकडा असतो, दिलेला शब्द किती आणि एकूण कुवत किती. आधी हे दोन आकडे एकमेकांना टेकत होते, आता मध्ये चांगली फट राहिली. पुढे जमेल तेव्हा आणखी ८ जीबी रॅम बसवणं हा कायमचा उपाय, आणि तो नव्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त.

तुमच्या घरी कुठून सुरुवात कराल

तुमचं कारण वेगळं असेल, म्हणून क्रम सांगतो. तत्त्व एकच: स्वस्त आणि परत फिरवता येणाऱ्या चाचण्या आधी, खर्चाच्या आणि न परतणाऱ्या शेवटी. विंडोज नव्याने टाकणं हा पहिला उपाय कधीच नको. त्याने दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि फोटो-कागदपत्रं गेली तर ती परत येत नाहीत.

आधी मशीन नव्याने सुरू करा, डिस्कवर मोकळी जागा पाहा, मागचे प्रोग्रॅम बंद करा. मग गेमच्या फाइली तपासा. स्टीमसारख्या दुकानातून घेतलेला गेम असेल तर फाइली शाबूत आहेत की नाही हे पडताळण्याची सोय तिथेच असते, आणि बिघडलेल्या तेवढ्याच फाइली ती पुन्हा आणते. मग ग्राफिक्स ड्रायव्हर, तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. नव्या ड्रायव्हरनंतरच बिघाड सुरू झाला असेल तर आधीचा परत टाकून पाहावा. मग गेमवर तरंगणारे प्रोग्रॅम बंद करा, गप्पांचे, चित्रणाचे. मग चित्रांची प्रत उतरवून पाहा. मग तापमान. मशीनचा वेग कुणी मुद्दाम वाढवून ठेवला असेल तर तो मूळ पदावर आणा. रॅमचा वेग बायोसमधून वाढवलेला असेल तर तोही. मग विंडोजमधलंच "मेमरी डायग्नोस्टिक" चालवा. हे सगळं झाल्यावर पॉवर सप्लाय आणि कार्ड, आणि तेही आधी कुणाचं तरी मागून आणून, लावून पाहून. विकत घेणं त्यानंतर.

एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालला, तर चार गोष्टींना उगाच श्रेय मिळतं. बदलाने फरक पडला नाही तर तो परत फिरवा, मग पुढचा.

गेममध्ये बाहेरून जोडलेले मॉड असतील, समजा सोळा, तर एकेक काढत बसू नका. आठ बंद करा. तरीही गेम पडला तर दोषी उरलेल्या आठांत, नाही पडला तर बंद केलेल्यांत. मग चार, मग दोन, मग एक. चार चाचण्यांत सोळांतून एक सापडतो, सहा चाचण्यांत चौसष्टांतून. एकच गोष्ट सांभाळा: आमच्यासारखी दोन कारणं हातात हात घालून आली असतील, तर ही अर्धी-अर्धी वाटणी फसवते. दोन्ही अर्धे सुटे सुटे निर्दोष दिसले, तर जोडीवर संशय घ्या.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका पालकांनी विचारलं, "सर, गेम बंद पडतो ते बरंच नाही का? पोरगं अभ्यासाला तरी लागेल." हशा झाला. प्रश्न मात्र खरा आहे. पोराने किती वेळ खेळावं हे घराने जरूर ठरवावं, आम्हीही ठरवलंय. पण ते बोलून ठरवा, बिघाडाच्या आडून नको. "तुझ्यामुळे मशीन बिघडलं" हे खोटं असेल, तर खोट्याच्या आधाराने लावलेली शिस्त टिकत नाही. पोराला पुरावा माहीत असतो.

दुसरं असं, की गेम म्हणजे केवळ वेळ घालवणं असं आता राहिलेलं नाही. २०२० साली आलेला "राजी" हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने बनवला, आणि जगभरच्या लोकांनी तो खेळला. असा गेम बनवणाऱ्यांच्या दिवसाचा मोठा भाग, तो कुठे आणि का कोसळतो हे शोधण्यातच जातो. आमच्या नातवाने त्या नऊ दिवसांत जे केलं, तेच काम.

शेवटचं. पडताळा पूर्ण झाला त्या संध्याकाळी आम्ही घरातल्या सगळ्यांना बसवलं आणि वही वाचून दाखवली. दोष कुणाचा ते त्यांच्यासमोर सांगितलं, आणि नातवाची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या आबा, आता खिडक्या बंद करत जा." तेवढं आम्ही पाळतो. ती वही अजून कॉम्प्युटरशेजारीच आहे. परवा प्रिंटर अडला तेव्हा सूनबाईंनी कुणालाही न बोलता आधी तीच उघडली.